पावती म्हणजे परवाना नव्हे

"ॲपवाले जीएसटी कापतात, जिंकलं त टीडीएस कापतात, मंग हे दोन नंबरचं कसं?" रिसोडपासून कारंज्यापर्यंत कुठल्याही चहाच्या टपरीवर हा प्रश्न कानावर पडतो. विचारणारा तरुण चलाखी करत नसतो. सरकार ज्यातून कर घेते ते सरकारमान्य असणारच, असे त्याला मनापासून वाटते. त्याच्या फोनवर 'कर कपात' असा स्पष्ट शब्द आलेला असतो, पॅन क्रमांक मागितलेला असतो, आणि क्रिकेटच्या सामन्यात त्याच कंपनीचे नाव खेळाडूंच्या छातीवर दिसलेले असते. अशा माणसाला 'जुगार वाईट' एवढेच सांगून भागत नाही, कारण त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही.

ही पुस्तिका त्या प्रश्नासाठी आहे. उत्तर थोडक्यात असे की, कर वसूल करणे आणि परवानगी देणे ही सरकारची दोन वेगळी कामे आहेत, आणि जुगाराच्या बाबतीत ती मुद्दाम वेगळी ठेवली गेली आहेत. पण असे नुसते सांगून कुणाला पटत नाही. ते पटायला थोडा इतिहास, थोडा कायदा आणि थोडा हिशेब, तिन्ही समोर लागतात.

वाशीम जिल्ह्यात कॅसिनो नाही, कधी नव्हता. सोयाबीन, तूर आणि कपाशीवर जगणारा सहा तालुक्यांचा हा जिल्हा. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली त्यात वाशीम होता, आणि २०१८ साली नीती आयोगाने निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांतही तो आहे. इथे जुगार नव्हता असे मात्र कुणी म्हणणार नाही. पोळ्याच्या करीला पत्त्यांचा डाव बसतो हे वऱ्हाडात सगळ्यांना ठाऊक आहे. गावाबाहेर एखाद्या शेतात झन्नामन्ना रंगतो, पोलिसांची धाड पडते आणि दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते: बावन्न पत्ते, रोख रक्कम, मोबाईल, मोटारसायकली असा मुद्देमाल जप्त. या जुगाराला वेळ होती आणि जागा होती. कोण बसतो, कोण हरतो, हे गावाला कळत असे, आणि गावाला कळते याचा काही ना काही धाक असे. फोनमधल्या रूलेटला, अंदर-बाहरला, तीन पत्तीला ना पोळा लागतो ना शेत. नवरा हरतो आहे हे बायकोला कळते ते सावकार दारात आल्यावर.

वऱ्हाडाच्या पांढऱ्या सोन्याचे आणि जुगाराचे एक जुने नाते इथे सांगितलेच पाहिजे. मटक्याचा उगम कापसात आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भाव तारेने मुंबईला येत आणि त्या भावांच्या आकड्यांवर पैजा लागत. १९६१ साली तिकडून भाव येणे थांबले, तेव्हा आकडे काढण्याची नवी रीत शोधली गेली. कल्याणजी भगत यांनी १९६२ मध्ये वरळीचा मटका सुरू केला, १९६४ मध्ये रतन खत्री यांचा मटका आला. तेव्हापासून 'ओपन-क्लोज' आणि 'वरली मटका' हे शब्द आपल्या पोलीस ठाण्यांच्या नोंदवह्यांत कायमचे वस्तीला आले. ज्या शेतकऱ्याने कापूस पिकवला त्याला न्यूयॉर्कचा भाव कधी मिळाला नाही. त्या भावावरचा जुगार मात्र त्याच्या तालुक्यापर्यंत पोहोचला. म्हणजे परदेशातला आकडा तारेवरून येतो आणि इथला माणूस त्यावर पैसा लावतो, हा प्रकार मोबाईलच्या आधीही होता.

आता कायदा. महाराष्ट्रात आजही जुगाराविरुद्धचा मुख्य कायदा १८८७ चा आहे. तेव्हाचा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा, आजचा महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा. तो झाला त्या साली वाशीम मुंबई इलाख्यात नव्हतेच. वऱ्हाड निजामाचे, कारभार इंग्रजांचा, अशी १८५३ पासूनची व्यवस्था होती. वाशीम हा त्या वऱ्हाडातला स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडला गेला आणि १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून पुन्हा वेगळा झाला. मधल्या काळात, १९५६ मध्ये, विदर्भ मुंबई राज्यात आला. १८८७ च्या या कायद्याने जुगाराचा अड्डा ओळखायचा तो 'घर, खोली किंवा जागा' या शब्दांनी. अड्डा चालवणारा, तिथे सापडणारा आणि रस्त्यावर उघड्यावर खेळणारा, तिघांसाठी वेगवेगळी कलमे आहेत. बातम्यांत नेहमी दिसणारे 'कलम १२ (अ)' हे त्यातलेच. दंडाच्या रकमा त्या काळातल्या मापाच्या आहेत. कलम १३ मात्र नीट वाचावे: निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही. पुढची सगळी वकिली या एका ओळीवर उभी राहिली.

स्वतंत्र भारताच्या घटनेने पैज आणि जुगार हा विषय राज्यांच्या सूचीत टाकला, नोंद ३४. त्यावरचा करही राज्यांकडेच दिला, नोंद ६२. लॉटरीचा विषय, ती केंद्राची असो वा राज्याची, संसदेकडे गेला. म्हणून महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून उजळ माथ्याने विकली जाते आणि शेजारच्या टपरीवरची आकड्याची चिठ्ठी गुन्हा ठरते. लोकांचा गोंधळ होतो तो इथून, आणि त्याबद्दल लोकांना दोष देता येणार नाही.

या गोंधळात सर्वोच्च न्यायालयाचा १९५७ चा एक निकाल मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मुंबई राज्य विरुद्ध आर. एम. डी. चमारबागवाला हा तो खटला. बंगळुरूला 'स्पोर्टिंग स्टार' नावाचे साप्ताहिक छापले जाई. त्यात बक्षिसाचे शब्दकोडे असे, आणि मुंबई राज्यातले हजारो वाचक प्रवेश फी भरून ते सोडवून पाठवत. मुंबई सरकारचा लॉटरी व बक्षीस स्पर्धांवर नियंत्रण आणि कर बसवणारा १९४८ चा कायदा होता. १९५२ मध्ये त्यात दुरुस्ती करून राज्याबाहेर छापल्या जाणाऱ्या वर्तमानपत्रांतल्या स्पर्धाही त्याच्या कक्षेत आणल्या गेल्या. चालकांचे म्हणणे असे की, आमचा छापखाना म्हैसूर राज्यात, बक्षीस ठरते तिथे, तर मुंबईने आमच्यावर कर कसा लावायचा? मुंबई उच्च न्यायालयात त्यांची सरशी झाली. सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांच्या पीठाने ती उलटवली. अंक मुंबईत वाटला जातो, फॉर्म मुंबईत भरला जातो, पैसे मुंबईत गोळा होतात. मुंबई राज्याशी एवढा संबंध पुरेसा आहे, असे न्यायालयाने ठरवले. त्याच निकालाने दुसरी गोष्टही सांगितली: जुगार हा व्यापारच नव्हे, त्यामुळे घटनेने दिलेले व्यापाराचे स्वातंत्र्य त्याला मिळत नाही.

हा निकाल आजच्या भाषेत वाचून पाहावा. सर्व्हर कुठल्याशा बेटावर, कंपनी तिसऱ्याच देशात, आणि पैसे लावणारा मानोऱ्यात. 'आमचा सर्व्हर भारतात नाही, म्हणून तुमचा कायदा लागत नाही' हे वाक्य ऑनलाईन जुगाराची आयडी विकणारे सर्रास सांगतात. ते १९५७ मध्येच फेटाळले गेले आहे, तेही शब्दकोड्याच्या निमित्ताने.

कौशल्याचा वाद लवकर उरकतो. १९६८ मध्ये आंध्र प्रदेशच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला, १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतीला तसेच मानले. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ड्रीम११ च्या बाजूने निकाल दिला. या आधारावर ऑनलाईन रमीच्या कंपन्या वाढल्या आणि जाहिराती घरोघर शिरल्या. पण रूलेट, अंदर-बाहर, स्लॉट मशीन हे खेळ कुठल्याही न्यायालयाने कधी कौशल्याचे ठरवलेले नाहीत. रमीचा निकाल दाखवून कॅसिनोचे ॲप विकणारा माणूस खोटे बोलतो आहे, एवढे वाचकाने पक्के लक्षात ठेवावे.

कॅसिनोबद्दल महाराष्ट्राने स्वतः काय ठरवले? १९७६ मध्ये विधिमंडळाने महाराष्ट्र कॅसिनो (नियंत्रण व कर) कायदा केला. त्यात परवाना होता, कर होता, सगळी चौकट होती. फक्त तो अंमलात आणणारी अधिसूचना कधी निघाली नाही. सत्तेचाळीस वर्षे कायदा पुस्तकात राहिला. मधूनमधून कुणी पर्यटनाचे, कुणी महसुलाचे कारण देऊन तो जागा करण्याची मागणी करी. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंतही गेले. शेवटी २०२३ मध्ये राज्याने तो रद्द करायचे ठरवले. माझ्या मते हा योग्य निर्णय होता आणि तो फार उशिरा झाला. कारण अंमलात नसलेला कायदाही 'महाराष्ट्रात कॅसिनोला कायदा आहे' असे सांगायला उपयोगी पडत होता.

गंमत म्हणून नव्हे, तुलना म्हणून गोव्याकडे पाहावे. तिथला सार्वजनिक जुगार कायदाही १९७६ चाच. १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरचे खेळ आले, १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवर टेबलावरचे खेळ आले, आणि आज मांडवीच्या पात्रात ती जहाजे उभी आहेत. सरकारला परवाना शुल्कापोटी कोट्यवधी मिळतात. पण २०२० मध्ये त्याच गोवा सरकारने गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत खेळायला बंदी केली. ज्या राज्याने हा धंदा सर्वांत जवळून पाहिला, त्याने आपल्या माणसांना त्यापासून दूर ठेवले. कॅसिनोमुळे जिल्ह्याचा विकास होईल असे म्हणणाऱ्यांनी या एका निर्णयाचा विचार करावा. इतर राज्यांचे मार्ग वेगवेगळे. सिक्कीमने २००८ मध्ये ऑनलाईन जुगाराला परवाने देण्याचा कायदा केला, नागालँडने कौशल्याच्या खेळांना परवाने दिले, तेलंगणाने २०१७ मध्ये कौशल्याचा अपवादच काढून सरसकट बंदी केली, तमिळनाडूने २०२२ मध्ये कायदा केला आणि त्यावर न्यायालयात झगडा झाला. महाराष्ट्राने १८८७ चे पुस्तक होते तसेच ठेवले.

आता करांचा हिशेब, कारण मूळ प्रश्न तिथूनच आला होता. जुगारावर कर घेणे नवे नाही: कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्षाने जिंकलेल्या द्रव्यातून शंभरामागे पाच घ्यावेत असे सांगितले आहे. आपल्या काळात काय घडले ते पाहा. २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतील नोंद ६२ बदलली आणि जुगारावरचा वेगळा कर राज्यांच्या हातून जीएसटीत गेला. जुगार रोखण्याचा अधिकार मात्र नोंद ३४ खाली राज्यांकडेच राहिला. पुढे ११ जुलै २०२३ च्या बैठकीत जीएसटी परिषदेने ठरवले की कॅसिनो, घोड्यांच्या शर्यती आणि ऑनलाईन पैशांच्या खेळांवर पूर्ण रकमेवर २८ टक्के कर लागेल. तो १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाला. ३ सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत हा दर ४० टक्के झाला आणि २२ सप्टेंबरपासून तो लागू आहे.

'पूर्ण रकमेवर' म्हणजे काय ते एका उदाहरणाने पाहू. समजा कुणी खात्यात १,००० रुपये टाकले आणि कर त्यातच धरलेला आहे. २८ टक्क्यांच्या दराने त्यातले २१८ रुपये ७५ पैसे कराचे. खेळायला उरले ७८१ रुपये २५ पैसे. ४० टक्क्यांच्या दराने कर २८५ रुपये ७१ पैसे, उरले ७१४ रुपये २९ पैसे. एकही पत्ता वाटला जाण्याआधी ही रक्कम गेलेली असते. धंदा उघड चालू होता तेव्हा अनेक कंपन्या तेवढीच रक्कम 'बोनस' म्हणून खात्यात दाखवत, त्यामुळे खेळणाऱ्याला ही कात्री जाणवतच नसे.

दुसरी कात्री प्राप्तिकराची. २०२३ च्या वित्त कायद्याने जुन्या प्राप्तिकर कायद्यात कलम ११५ बीबीजे आणि १९४ बीए आणले. ऑनलाईन खेळात निव्वळ जिंकलेल्या रकमेवर सरळ ३० टक्के, वर उपकर, आणि १ एप्रिल २०२३ पासून टीडीएसला कुठलीही किमान मर्यादा नाही. समजा एकाने वर्षभरात एका ॲपवर ५०,००० टाकले आणि ८०,००० काढले. निव्वळ जिंकलेली रक्कम ३०,०००, त्यावर ९,००० कापले. याच माणसाने दुसऱ्या कंपनीच्या ॲपवर ६०,००० घालवले असतील, तर ते वजा होत नाहीत. म्हणजे त्याच्या घरात प्रत्यक्षात ३०,००० ची तूट आली, आणि वर कर ९,०००. शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त आहे म्हणून शेतकऱ्याला वाटते की आपला या खात्याशी संबंध नाही. जिंकलेल्या पहिल्या रुपयापासून तो संबंध येतो. परदेशी साइटने टीडीएस कापला नाही, तरी कर भरण्याची जबाबदारी खेळणाऱ्याच्या डोक्यावर राहतेच.

आणि आता ते वाक्य, ज्यासाठी ही सगळी मांडणी केली. जीएसटीच्या २०२३ च्या दुरुस्ती कायद्यातच लिहून ठेवले आहे की या दुरुस्तीमुळे पैज, कॅसिनो, जुगार, लॉटरी किंवा ऑनलाईन खेळांवर बंदी घालणाऱ्या, मर्यादा आणणाऱ्या दुसऱ्या कुठल्याही कायद्याला बाधा येत नाही. टपरीवरच्या त्या तरुणाला उत्तर संसदेने आधीच दिलेले आहे. ते त्याच्यापर्यंत कुणी पोहोचवले नाही.

२०२५ चे वर्ष तर या विषयात विसरता न येणारे. जुलैमध्ये तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत मोबाईलवर रमी खेळत असल्याची चित्रफीत बाहेर आली. आपण खेळत नव्हतो, समोर आलेला खेळ बंद करत होतो, असे त्यांनी सांगितले. महिनाअखेर त्यांच्याकडचे कृषी खाते काढून क्रीडा खाते दिले गेले. सोयाबीनला हमीभाव मिळत नाही म्हणून बाजार समितीत ताटकळणाऱ्या माणसाला त्या दिवसांत काय वाटले असेल, ते वाशीममध्ये राहणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाईन गेमिंगचा नवा कायदा संमत केला. २० ला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत, २२ ला राष्ट्रपतींची मंजुरी. सुमारे ४५ कोटी लोकांना या खेळांची झळ बसते आणि त्यांचे वर्षाला २०,००० कोटींहून अधिक जातात, असा अंदाज त्या वेळी सरकारने मांडला. या कायद्याने कौशल्य की नशीब हा वादच बाजूला केला. पैसे लावून पैसे जिंकायचा ऑनलाईन खेळ, मग तो कोणताही असो, पुरवणे हा गुन्हा: तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड. पैशांची देवाणघेवाण करून देणाऱ्यालाही पुरवणाऱ्याइतकीच शिक्षा. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. मंजुरीनंतर काही दिवसांतच ड्रीम११, एमपीएल, झूपी यांनी पैशांचे खेळ बंद केले. जुगार हा राज्यांचा विषय असताना संसदेला हा कायदा करता येतो का, हा प्रश्न वेगवेगळ्या उच्च न्यायालयांत गेला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या याचिका आपल्याकडे घेतल्या.

उघड दुकाने बंद झाली, आता उरला तो चोरटा धंदा, आणि आपल्या भागाला तो नवा नाही. २०२३ च्या जुलैत नागपूर पोलिसांनी गोंदियात टाकलेल्या धाडीत कोट्यवधींची रोकड आणि किलोंनी सोने सापडले. एका व्यापाऱ्याची ऑनलाईन जुगारात ५८ कोटींची फसवणूक झाल्याच्या तक्रारीवरून ती धाड पडली होती. महादेव या सट्ट्याच्या ॲपचे धागे छत्तीसगडातल्या भिलाईत होते, आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात केंद्राने ते आणि आणखी काही ॲप बंद करायला लावले. हा धंदा कसा चालतो ते जवळून पाहण्यासारखे आहे. व्हॉट्सॲपवर एक नंबर मिळतो. तिथे 'आयडी' मिळते. पैसे टाकायला दरवेळी वेगळे खाते दिले जाते. नाव कधी एखाद्या किराणा दुकानाचे, कधी अनोळखी मुलाचे. लगवाडी-खायवाडी, म्हणजे पैज लावणे आणि घेणे, जुनीच, वही तेवढी बदलली. छोटी रक्कम जिंकली तर लगेच परत येते, मोठी जिंकली की नंबर बंद. ज्या मुलाचे खाते वापरले जाते त्याला महिन्याला काही हजार मिळतात. तो स्वतः एक रुपयाही लावत नाही, म्हणून आपण निर्दोष आहोत असे त्याला वाटते. प्रत्यक्षात पोलीस सर्वांत आधी पोहोचतात ते त्याच्याच दारात, कारण पैशाच्या वाटेवर खरे नाव आणि खरा पत्ता फक्त त्याचाच असतो. या पुस्तिकेतले खातेभाड्यावरचे प्रकरण महाविद्यालयात शिकणाऱ्या प्रत्येकाने वाचावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सरकारबद्दलही सांगायला हवे. १८८७ चा कायदा मोबाईलच्या काळात अपुरा आहे हे उघड असताना राज्याने तो नव्याने लिहिलेला नाही. बंदी आली तरी ४० टक्क्यांचा दर पुस्तकात आहे. वाशीमच्या माणसाने घालवलेल्या पैशांवरचा कर जमा झाला, तर राज्याचा वाटा महाराष्ट्राच्या तिजोरीत येतो, आणि तसा तो गेल्या काही वर्षांत आलाही आहे. त्यातला किती पैसा या व्यसनातून माणसे बाहेर काढायला जिल्ह्यात परत आला, हे विचारण्याचा हक्क इथल्या प्रत्येक घराला आहे. जिल्हा रुग्णालयात या व्यसनावर उपचार आणि समुपदेशन, तालुक्याला एक जाणता पोलीस अधिकारी, आणि मराठीत लिहिलेला सोपा कायदा, एवढी मागणी काही अवाजवी नाही.

पैसे बुडालेली बरीच माणसे तक्रार करत नाहीत. आपल्यालाच पकडतील अशी भीती असते, घरात कळेल याची लाज असते. फसवून पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी ते गोठवता येतात, आणि उशीर होईल तशी ती शक्यता कमी होत जाते. व्यवहाराचा क्रमांक, ज्या खात्यात पैसे गेले त्याचे नाव आणि व्हॉट्सॲपवरचा संवाद पुसू नका. आणि घरातल्या कुणीतरी त्या माणसासोबत पोलीस ठाण्यात जा.